यूट्यूब-टेलिग्रामवर शिकून अकाउंट्सच्या नोकरीत खरंच पुढे जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं अकाउंट्समध्ये आहात, रोज रात्री व्हिडिओ बघता, दोन टेलिग्राम ग्रुपमध्ये आहात, तरी काम आणि पगार आहे तिथंच आहे. मग याचा उपयोग होतो का, आणि कोर्स कोणता घ्यावा. उपयोग होतो. माझा झाला. पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: 'आमचे साहेब म्हणतात, मोबाईलवर बघून हिशोब येत नसतो.' हे वाक्य मी घरात कित्येक वर्षं ऐकतेय.

आमचे आप्पा इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. एकतीस वर्षं रोजमेळ आणि खतावणी त्यांच्या हातची. ते स्वतः जुन्या दिवाणजींच्या शेजारी बसून शिकले, म्हणून हिशोब शेजारी बसूनच येतो असं त्यांचं ठाम मत. २००९ ला मी बी.कॉम. झाले, फर्स्ट क्लासमध्ये. त्याच वर्षी पेढीला हाताखाली माणूस हवा होता. आप्पांनी माझ्या चुलतभावाला नेलं. त्याचे शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले होते. मला म्हणाले, "गादीवर पोरगी बसवली तर बाजार काय म्हणेल?"

शेजारी बसून शिकायचं, कबूल. पण मला शेजारी बसवलं कुणी?

पुढे लग्न, मुलगी. २०१६ मध्ये चोवीस मागांच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले, पगार आठ हजार, काम बिलं फाडायचं. त्याच सप्टेंबरात जिओ आलं आणि पहिल्यांदा पैशांचा विचार न करता व्हिडिओ बघता आले. भांडी आवरली की रात्री दहाला एक्सेल. व्हीलुकअप, पिव्होट टेबल, सगळं तिथंच शिकले. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सूत्रं वहीत उतरवून घ्यायची आणि सकाळी ऑफिसात अर्धा तास आधी जाऊन करून बघायची.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एका रात्रीत सगळे सारखे झाले. ग्रे, म्हणजे मागावरून निघालेल्या कोऱ्या कापडवाल्यांना कराची सवयच नव्हती. आप्पांना काही सांगता येईना, चुलतभावालाही नाही. ज्यांच्या शेजारी बसायचं तेच चाचपडत होते.

आमचा माल पॉलिस्टरचा. सुतावर आधी १८, ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के भरायचे आणि कापड ५ टक्क्यांनी विकायचं, त्यामुळे क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर, जो विक्रीच्या करातून वजा होतो) साचत जायचं आणि कापडाला त्याचा रिफंड नव्हता. जुलै २०१८ च्या शेवटी रिफंड मिळणार असं जाहीर झालं. आमच्या कारखान्याच्या मालकांनी, सेठनी एक व्हिडिओ बघितला, लाखभर लोकांनी पाहिलेला, त्यात तो माणूस हसत हसत सांगत होता की अडकलेले सगळे पैसे परत येणार. आमच्या लेजरला ६,१२,००० होते. सेठनी त्याच आठवड्यात सुताची मोठी ऑर्डर द्यायचं बोलून टाकलं.

मी त्या रात्री सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवरून मूळ नोटिफिकेशन काढलं. २६ जुलैचं, २० नंबरचं. मराठी माध्यमातली मी, एकेक शब्द डिक्शनरीत बघत वाचलं. रिफंड होता, पण १ ऑगस्टपासून आलेल्या मालावर. ३१ जुलैपर्यंतच्या खरेदीचं शिल्लक क्रेडिट? 'शॅल लॅप्स'. लॅप्स म्हणजे गेलंच. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून सेठसमोर ठेवली. ते बराच वेळ गप्प बसले आणि ऑर्डर थांबवली.

इथपर्यंत मी बरोबर होते. पुढे मी चूक केली. सगळेच ६,१२,००० लॅप्स धरून हिशोब केला आणि तपासायला टेलिग्राम ग्रुपवर टाकला. तासाभरात सोलापूरच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं: "ताई, लॅप्स फक्त मालावरचं होतं. सेवा आणि यंत्रांचं वेगळं काढा. ३१ तारखेचा स्टॉक पण बघा." ऑगस्टअखेर जे सर्क्युलर आलं त्यातही तेच होतं. मी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये घेतलं, प्रत्येक बिलापुढे माल, सेवा की यंत्र असा रकाना केला. त्या वर्षी घेतलेले दोन माग, सायझिंगची (सुताला खळ लावायची) मजुरी, ट्रान्सपोर्ट हे सगळं बाजूला काढलं, स्टॉकमधल्या सुताचं क्रेडिट वगळलं. लॅप्सचा आकडा २,७४,००० वर आला. बाकीचे वाचले. (२०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही लॅप्सची अटच रद्द ठरवली, तो स्वतंत्र विषय आहे.)

दिवाळीला पगार तेरा हजार झाला. आज मी चार कारखान्यांचं काम बघते.

आता तुमचं. तुम्ही बघताय, शिकत नाही आहात. रोज रात्री व्हिडिओ बघून जर एकही फाइल स्वतः उभी केली नसेल तर ते मनोरंजन झालं. व्हिडिओ दहा मिनिटं बघा, मग बंद करून तेच आपल्या ऑफिसच्या आकड्यांवर करा. कर-कायद्यावरचा व्हिडिओ कुणाचाही असो, मूळ नोटिफिकेशन वाचल्याशिवाय त्यावर एक रुपयाचा निर्णय घेऊ नका. ग्रुपमध्ये 'कुणी सांगेल का' असं विचारू नका, आपला केलेला हिशोब टाका आणि 'कुठं चुकलं' विचारा. आयत्या प्रश्नाला आयतं उत्तर येतं आणि ते डोक्यात राहत नाही.

कोर्सचं म्हणाल तर मी एकही विकत घेतलेला नाही, त्यामुळे नाव सांगू शकत नाही. स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट आहेत, सनदी लेखापालांच्या संस्थेची जीएसटीवरची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. आधी ती संपवा. लिंक्डइनवर प्रमाणपत्रांचे फोटो टाकून आमच्या भागात तरी कुणाला कारखान्यात घेतलेलं मी बघितलं नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत वेगळं असेल.

दोन गोष्टी राहिल्या. ग्रुपवर हिशोब टाकताना पार्टीची नावं आणि जीएसटी नंबर खोडा, मालकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही. आणि आमच्या सेठनी कागद वाचला, ऐकून घेतलं. तुमचे साहेब कदाचित ऐकणार नाहीत, मग शिकून झाल्यावर नोकरी बदलावी लागेल, ते मनाशी धरून ठेवा.

आप्पा एका बाबतीत बरोबर होते हे मला मान्य करायला फार वर्षं लागली. चूक दाखवणारं माणूस लागतंच. व्हिडिओ चूक दाखवत नाही. पण ते माणूस गादीवरच बसलेलं असलं पाहिजे, आणि शिकणारा पोरगाच असला पाहिजे, हे मला कधीच पटणार नाही. त्या सोलापूरच्या काकांना मी आजवर भेटलेली नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं, आप्पांनी नाही. हे मी आप्पांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "पण आकडा तर तुझाच चुकला होता ना?" आमचं भांडण अजून तिथंच आहे.

तुमचा एखादा हिशोब अडला असेल तर नावं खोडून खाली टाका. रात्री दहानंतर मी बघते.