पाळीव सवाल-जवाब : तापाची गोळी, अंगणातली भेक आणि माटोळीची केवण

प्रश्न : आमची मनी चार वर्षांची, साडेतीन किलोची. गेल्या महिन्यात पावसात भिजून आली, अंग गरम लागलं म्हणून सासूबाईंनी तापाची गोळी अर्धी कुस्करून दुधातून दिली, नवऱ्याला लहानपणी द्यायच्या तशीच. रात्रीपर्यंत तोंड सुजलं, धापा टाकायला लागली, सकाळी डॉक्टरकडे नेईपर्यंत गेली. सासूबाई अजून रडतात. अर्ध्या गोळीनं मांजर मरतं? घरात कुत्रा पण आहे, त्याला तरी चालते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा की ही चूक करणाऱ्या त्या एकट्या नाहीत, मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या माणसानं पण आपल्या बोक्याला ही गोळी दिलेली मी बघितली आहे. पण हो, अर्ध्या गोळीनं मांजर मरतं. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची जी सोय माणसाच्या लिव्हरमध्ये असते ती मांजरात जवळजवळ नसतेच, मग ते औषध भलत्या वाटेनं फुटतं आणि त्यातून जे तयार होतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं, म्हणजे श्वास चालू आहे पण रक्त ऑक्सिजन उचलतच नाही. त्या बोक्याचं रक्त काढलं तेव्हा सिरिंजमध्ये लाल काही आलंच नाही, पाण्यात कोको कालवल्यासारखं काहीतरी आलं. हिरड्या पण तशाच, मातकट. तोंड आणि पंजे सुजणं ही या विषाची ओळखीची खूण.

हिशेब करून बघा. 500 मिलिग्रॅमची अर्धी म्हणजे 250, साडेतीन किलोच्या मनीला किलोमागे 70 च्या वर गेलं, आणि मांजराला किलोमागे 10 मिलिग्रॅमनं पण विषबाधा झालेली आहे. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, माणसांनी या गोळ्या जास्त खाल्ल्या तर हॉस्पिटलात तोच देतात, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर उपयोग. त्यामुळे गोळी पोटात गेली एवढं कळलं की निघायचं, सूज येते का बघत बसायचं नाही. आणि उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, मीठच वेगळं विष होतं.

एक सांगू की नको असं झालं होतं, पण इतरांच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगतो. मांजराचं नेहमीचं टेंपरेचरच 38 ते 39 डिग्री सेल्सिअस असतं, आपल्या हाताला ते कायम गरमच लागणार. ताप आहे की नाही ते थर्मामीटरच सांगतो, हात नाही.

कुत्र्याला पॅरासिटामॉल मांजराइतकं लगेच मारत नाही पण जास्त झालं तर लिव्हर जातं, तेव्हा घरच्या डब्यातलं काहीच देऊ नका. गुडघेदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, त्या तर अजिबात नको, पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. आणि कुत्रा-मांजर एकाच घरात आहेत म्हणून आणखी एक : कुत्र्याच्या मानेवर गोचिडीसाठी जे थेंब सोडतो त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, पाकिटावर वाचा, ते मांजराला लागलं तर झटके येतात. मनीनंतर दुसरी कोणी घरात आली तर थेंब सोडलेल्या दिवशी दोघांना एका गोणपाटावर झोपू देऊ नका.

प्रश्न : पावसात आमचा टॉमी रात्री अंगणात भेकीला, म्हणजे मोठ्या खडबडीत बेडकाला, तोंड लावतो आणि फेसच फेस. घरात सगळे म्हणतात साप चावला. काय करायचं?
– पेडणे

उत्तर : भेकीच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात, कुत्र्यानं तोंडात धरलं की त्यातून पांढरा चीक सुटतो. टॉमीचं डोकं खाली करा आणि नळीचं पाणी तोंडाच्या एका बाजूनं सोडून दुसरीकडून बाहेर काढा, घशाकडे सोडायचं नाही नाहीतर विष पोटात नि पाणी फुप्फुसात. मग ओल्या फडक्यानं हिरड्या पुसा, फडकं धुवा, परत पुसा. बहुतेक कुत्रे एवढ्यावर सावरतात. पाय लटपटायला लागले, झटके आले किंवा छाती वेडीवाकडी धडधडायला लागली तर मात्र गाडी काढा. सापाचं म्हणाल तर चावल्या जागी सूज, रक्त, पाय टेकत नाही, पापण्या जड होतात, यातलं काही दिसलं तर धुवत बसू नका, बांधू नका, चिरू नका, सरळ दवाखाना.

भेक येते ती बाल्कांवच्या (ओसरीच्या) बल्बखालचे किडे खायला. रात्री बल्ब बंद करा आणि टॉमीची पाण्याची वाटी आत घ्या, भेकी त्यात जाऊन बसतात.

प्रश्न : पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मांजर कधी पडत नाही म्हणतात ना?
– पर्वरी

उत्तर : पडतं. चार पायांवर पडतं म्हणून वाचतंच असं नाही, हनुवटी फुटते, छातीला मार बसतो. मच्छरजाळी नखानं फाटते, कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी लावून घ्या.

प्रश्न : यंदा चवथीला घरात पहिल्यांदाच मांजराचं पिल्लू आहे. गणपतीवर फळं-फुलं टांगतो त्या माटोळीचं काय करू? कुत्रा पण देवाच्या खोलीत घुसतो.
– डिचोली

उत्तर : माटोळी बांधाच हो, पिल्लासाठी चवथ कशाला मोडायची. पण सुपारीचा घड मधे बांधा, कडेला नको, खाली पडलेली सुपारी कुत्रा चघळतो. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीननं एके काळी कुत्र्यांचे जंत पाडायचे, आणि जंतांबरोबर कुत्र्याचे किती हाल व्हायचे ते जुने डॉक्टर सांगतात. रानातून कळलावीची फुलं आणत असाल तर ती वगळाच, तिच्या कंदापासून फुलापर्यंत सगळ्यात विष आहे. आरतीचा कापूर डबीत बंद. नेवऱ्यांत (करंज्यांत) मनुका घालता ना? कुत्र्याची किडनी मनुकांनी बसू शकते, म्हणून नेवऱ्यांचा डबा कपाटावर.

माझी खरी काळजी वेगळीच आहे, माटोळी बांधायची केवणीच्या सालीची दोरी. बांधून झाल्यावर तिचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात आणि पिल्लू त्यांच्यामागे वेडं होतं. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले, तोंडात गेलेली दोरी त्याला थुंकता येत नाही, गिळतच जातं. मग एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात, आणि आतडं नाडी ओढलेल्या पिशवीसारखं गोळा होतं. तेव्हा सगळे तुकडे मोजून उचला. शेपटीखाली दोरी लोंबताना दिसली तर ओढायची नाही, आतून आतडं चिरतं, पिल्लू तसंच टोपलीत घालून आणा. चवथीच्या दिवशी पण मी सकाळी अर्धा दिवस दवाखान्यात असतो. येताना नेवऱ्या आणल्या तरी चालतील, मला मनुका चालतात.