पूर्व सुंबातलं खेडं: पाणी, डुकरं आणि आहेराची वही

तुमची भाची आठ महिने इंडोनेशियात पूर्व सुंबातल्या एका खेड्यात शाळेच्या कामासाठी राहणार आहे, शाकाहारी आहे, आणि वीज-नेट-जेवणाचं कसं होईल, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच भागात दोन वर्षं पाणीयोजनेवर काम केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे बालीची हिरवीगार चित्रं डोक्यातून काढा. सुंबा हे नुसा तंगारा तिमूर प्रांतातलं बेट. प्रांताची राजधानी कुपांग, तीही दुसऱ्या बेटावर, तिमोरला. पूर्व सुंबात पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च, बाकी सगळं कोरडं. मी ऑगस्टमध्ये वाइंगापूला, म्हणजे पूर्व सुंबाच्या मुख्य शहरात, उतरलो तेव्हा समोर पिवळ्या गवताच्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि त्यावर चरणारी घोडी. मी माण तालुक्यातला. घोडी सोडली तर घरीच आल्यासारखं वाटलं.

विजेची काळजी करू नका. कुठे तारा आल्यात, कुठे सौर दिवे आहेत, फोन चार्ज होतो. नेटसाठी टेकडीवरचा एखादा ठरावीक दगड असतो, तिथे संध्याकाळी अर्धं गाव बसलेलं दिसेल. ये-जा ओजेकने, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीने, किंवा लाकडी बाकं ठोकलेल्या ट्रकमधून.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर आहेत. पूर्वी शेजारच्या गावांशी लढाया व्हायच्या, म्हणून उंचावर राहायचं. लढाया संपल्या, गाव वरच राहिलं आणि झरा खाली. मी राहायचो तिथे पोरी पहाटे पाच लिटरचे पिवळे कॅन दोन्ही हातांत घेऊन खाली उतरायच्या, वर आणून ओतायच्या, मग शाळेचा गणवेश. पाहुण्यासाठी न्हाणीत बादली भरलेली असते. ती कुणी आणली हे एकदा पाहिलं की अर्ध्या बादलीत आंघोळ आपोआप जमते.

जेवणाचं म्हणाल तर भातात मक्याची भरड, सोबत शेवग्याचा पाला. त्याला तिथे केलोर म्हणतात आणि जवळजवळ रोज खातात. शिवाय भोपळ्याचे कोंब, पपईची पानं, कसाव्याचा पाला, मूग, शेंगदाणे. बाजाराच्या दिवशी टोफू, आणि टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. उपाशी राहणार नाही, फक्त सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तरासी आहे का ते विचारायचं. तो सुकटीसारखा कोळंबीचा गोळा असतो आणि तो घातलेला पदार्थ कुणी मांसाहारी धरत नाही. दुष्काळी वर्षात लोक जंगलातून ईवी नावाचा विषारी कंद खणून आणतात, कापून कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात, मग खातात. आपल्याकडेही सह्याद्रीत कडू कंद असेच मुरवून खातात, त्यामुळे मला ते नवल वाटलं नाही. पण गावात ईवी दिसू लागली की कोठारं रिकामी झाली, एवढं समजायचं.

इंडोनेशियन भाषा तिला लवकर येईल. सरपंचाला 'कपाला देसा' म्हणतात, म्हणजे आपलेच कपाळ आणि देश. शिक्षक गुरूच. घरात मात्र लोक कांबेरा बोलतात. गंमत अशी की वडीलधाऱ्या बाईला 'मामा' म्हणायचं. आणि मला सगळे 'ओम' म्हणायचे. आठवडाभर मी समजत होतो की भारतीय म्हणून मान देताहेत. नंतर कळलं, तो काकासाठीचा डच शब्द आहे.

कुणाच्याही घरी गेलं की आधी विडा पुढे येतो: सुपारी, चुना, आणि पानाऐवजी नागवेलीच्या जातीची लांबट शेंग. खाल्लाच पाहिजे असं नाही. उचलून पिशवीत टाकला तरी चालतो. पण हात आखडला तर यजमान दुखावतो. मांसाचंही तसंच. 'मी मांस खात नाही' हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, डुक्कर कापल्यानंतर नाही.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. तिथला पैसा बँकेत नसतो, गोठ्यात असतो. लग्नात मुलाकडून घोडे, म्हशी आणि मामुली नावाचं सोन्याचं लेणं जातं. मुलीकडून इकतची कापडं आणि डुकरं येतात. मुलाकडच्या देण्याला बेलिस म्हणतात. त्याहून मोठा खर्च मयताचा. म्हशी जमवायला वेळ लागतो म्हणून प्रेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घरातच कापडांत गुंडाळून ठेवलेलं असतं. अंगणात पूर्वजांच्या दगडी कबरी, त्यांवर मका वाळत घातलेला आणि पोरं खेळताहेत. त्याला भिण्यासारखं काही नाही.

आम्ही सौरपंप बसवला होता. दर घराने महिन्याला थोडे पैसे टाकायचे आणि त्यातून दुरुस्ती करायची. आठव्या महिन्यात पंप बंद पडला आणि पेटी रिकामी. पैसे एका मयताच्या म्हशीत गेले होते. मी पाणी समितीच्या अध्यक्षाला वाट्टेल ते बोललो. तो काही न बोलता आत गेला आणि एक शाळकरी वही घेऊन आला. आपल्याकडे लग्नात आहेराची लिहितात तशी. कुणी कोणत्या साली डुक्कर आणलं, केवढं होतं, कोणाची म्हैस परत करायची राहिली. त्याच्या घरावरच चार म्हशींचं देणं होतं. पंपावाचून पोरी पुन्हा झऱ्यावर जातील, पण त्या दिवशी म्हैस गेली नसती तर त्याच्या मुलीच्या लग्नाला कोण उभं राहणार होतं? मला ते पटलं असं नाही. कर्जापायी शाळा सुटलेली पोरं मी पाहिलीत, मलेशियाला मजुरीला गेलेल्यांपैकीही काही याचसाठी गेले होते, आणि तिथले तरुण स्वतःच याबद्दल कुरकुरतात. पण आमच्या योजनेत वर्गणीचा तक्ता होता, ही वही कुठेच नव्हती. चूक आमचीच होती. त्यात २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हरने प्रांतातली डुकरं पटापट मेली. ज्या घराचा गोठा रिकामा झाला, त्याची बचतही गेली आणि पत्रिका आली की घरात शांतता.

एक नाजूक गोष्ट. पूर्व सुंबात सरदार घराणी, मोकळी कुळं आणि 'आता' म्हणजे पिढीजात दास, अशी उतरंड अजून पुसलेली नाही. पाणी कोण आणतं, चुलीशी कोण बसतं, पंगतीत कोण कधी जेवतं, हे आपल्या डोळ्यांना लगेच दिसतं. दिसू द्यावं. पहिल्या महिन्यात विचारू नये. धर्माबद्दलही तेच: बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण मारापू हा पूर्वजांचा धर्म अनेक घरांत टिकून आहे. २०१७ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतरच असे पारंपरिक धर्म मानणाऱ्यांना ओळखपत्रावर तशी नोंद करता येऊ लागली.

मलेरिया आहे. गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणी इथूनच न्या. आरोग्यकेंद्र उपजिल्ह्याच्या गावी, पावसाळ्यात रस्ता तुटला की दूर. महिन्यातून एकदा पोस्यांदू भरतं, आपल्या अंगणवाडीसारखं. तुळईला तागडी टांगून झोळीत बाळं मोजतात. ओळखी करून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही.

आणि मयताचं बोलावणं आलं तर जायचं. डुकराची अपेक्षा नसते, साखर आणि कॉफी चालते. माझी नोंद त्याच वहीत आहे: 'ओम इंडिया, साखर दोन किलो.' मी गाव सोडलं त्या सकाळी त्याची परतफेड म्हणून जिवंत कोंबडी हातात आली. पाय बांधलेली. ती शेवटी विमानतळाच्या दारात ओजेकवाल्याला दिली.