लेकरू समितीनं नेलं, आता परत मिळेल का?

"ताई, लेकरू आमचं. आम्हीच त्याला महाराजांच्या हवाली केलं होतं. मग सरकार मधीच कसं काय घेऊन गेलं?"

फोनवर बाप होता, मागं उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज. नवरा-बायको बीड जिल्ह्यातले, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला गेलेले. 11 वर्षांचा मुलगा परभणी जिल्ह्यातल्या एका निवासी वारकरी शिक्षण संस्थेत होता. दिवसा जिल्हा परिषदेची शाळा, सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, मृदंग आणि पाठांतर. शाळेतल्या बाईंना त्याच्या पोटऱ्यांवर वळ दिसले. त्यांनी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी तो बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या, आदेशानं बालगृहात गेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दिवाळी ते गुढीपाडवा या ऊसतोडीच्या काळात ही काळजी घेऊन बरेच आईबाप आमच्याकडं मदतीला येतात. कधी संस्था वारकरी असते, कधी मदरसा, कधी वेदपाठशाळा, कधी मिशनचं वसतिगृह. सगळ्यांची धास्ती एकच: पोरगं कायमचं गेलं. तसं होत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं तत्त्वच असं आहे की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. चौकशीत आईबापाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. पण ते मांडायला आईबाप समितीसमोर यावे लागतात, संस्थाचालकाच्या मागं उभे राहून चालत नाही.

या बापाची गाडी नेमकी तिथंच अडकली. आम्हाला फोन करण्याआधी संस्थेचा माणूस थळात, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळावर, येऊन गेला होता. त्यानं स्टॅम्प पेपर आणला होता: 'मुलाबाबत आमची कसलीही तक्रार नाही, मारहाण झालेली नाही.' सही केली तर लेकरू लवकर सुटेल, असं तो सांगून गेला. वकीलही संस्थाच देणार होती. आम्ही बापाला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की ही सही करू नका. मुलाला मारणं हा मुलाविरुद्धचा गुन्हा आहे. आईबापाच्या सहीनं तो मिटत नाही. उलट समितीसमोर तो कागद आला की प्रश्न उभा राहतो, अंगावर वळ असताना जे आईबाप 'काही झालं नाही' म्हणतात, त्यांच्याकडं मूल सुरक्षित राहील का? संस्थेच्या वकिलाचं काम संस्थेला वाचवणं. तुमचं काम लेकराला घरी आणणं. एक वकील ही दोन्ही कामं करू शकत नाही. मुलांना आणि बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करायचा. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर विचारलं तरी माहिती मिळते.

धर्माचं शिक्षण देणाऱ्या संस्थेला हा कायदा लागू होत नाही, असंही त्यांना सांगण्यात आलं होतं. यात अर्धं खरं आहे. 2012 च्या दुरुस्तीनं मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या आहेत. पण बाल न्याय कायद्याचं कलम 75 ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा प्रत्येकाला लागू आहे. मारहाण, छळ, जाणूनबुजून हेळसांड यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसानं केलं तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड. मुलाला कुठला अभंग शिकवायचा, कुराणातली कुठली आयत पाठ करून घ्यायची, हे आईबापानं ठरवावं. त्यात समितीला बोलायचं कारण नाही. पण पाठांतर चुकलं म्हणून मारायचा हक्क आईबाप कुणाला देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडंही नाही.

चौकशी करणारेही चुकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मे 2023 मध्ये बिहारहून पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघालेली 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून उतरवली गेली, सोबतच्या शिक्षकांवर मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले. 2024 मध्ये ते गुन्हे गैरसमजातून दाखल झाल्याचं सांगून बंद करण्यात आले. पण मुलांना काही दिवस बालगृहात राहावं लागलं होतं. म्हणून मुलाला दूर ठेवताना आईबापाचं संमतीपत्र, दोघांचे फोन नंबर आणि शाळेचा कागद मुलासोबत असावा. समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी करता येते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. बापाला एकदाच येणं शक्य होतं. खाडा पडला की पैसे कापले जातात आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेपर्यंत मुकादम (मजूर आणणारा ठेकेदार) सोडत नाही. म्हणून आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन करून समिती कधी बसते ते विचारून घेतलं. समितीनं महिन्यातून किमान 20 दिवस बसायचं असतं, पण सुट्टीच्या दिवशी येऊन बंद दार बघून परत गेलेले आईबाप कमी नाहीत. साध्या कागदावर अर्ज लिहिला: मुलाचं नाव, वय, नातं, कुठं ठेवलंय, आणि तीन मागण्या. भेटीची परवानगी, आदेशाची प्रत, आणि निर्णयाआधी आमचं म्हणणं ऐकावं. अर्जाच्या दोन प्रती केल्या. दुसरीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतली, ती फार कामाला येते.

कागदांत लोक आधार कार्डावरच भिस्त ठेवतात. वयासाठी कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला बघतो, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. यांच्याकडं शाळेची तारीख आणि आधारची तारीख जुळत नव्हती, तेव्हा शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतल्या नोंदीची प्रत, आणला. रेशनकार्डावर मुलाचं नाव होतं, म्हणून नात्याचा प्रश्न आला नाही. मूल बीडचं आणि समिती परभणीची, त्यामुळं प्रकरण स्वतःच्या जिल्ह्याच्या समितीकडं पाठवावं, असाही अर्ज दिला. कायद्यात ती सोय आहे.

सगळ्यात मोठी अडचण घराची निघाली. मुलाच्या घरची परिस्थिती बघून लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत व्हायचा असतो, त्यासाठी माणूस गावी जातो आणि घराला कुलूप दिसतं. 'आम्ही त्याला थळात घेऊन जातो,' असं आईबाप म्हणाले असते तर समितीनं नकारच दिला असता. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत राहणारं, शाळा सुटलेलं मूल कुणी परत देत नाही. म्हणून आजीला सोबत आणलं. तिचं घर, गावातली शाळा, मुख्याध्यापकांचं प्रवेशाचं पत्र आणि दर आठवड्याला आईबापाचा फोन असा आराखडा लिहून दिला. चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, असं कायदा म्हणतो. नीट आराखडा असेल तर एवढं थांबावं लागत नाही.

भेटीच्या आधी आईबापाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: 'खरं सांग, काय झालं' असं विचारू नका. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मूल घाबरून जबाब बदलतं, आणि कोर्टात तेच त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. एवढंच म्हणा, तुझं काही चुकलं नाही, आम्ही रागावलेलो नाही, तुला सांगावंसं वाटेल ते सांग. आईनं तसंच केलं. पोरगा बराच वेळ गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा मणी फिरवत बसला, मग बापाला म्हणाला, "म्या सांगितलं म्हणून महाराजांचा शाप लागंल का? माळ काढून घेतील का?" बाप स्वतः माळकरी. तो म्हणाला, "माळ पांडुरंगाची हाय. महाराजाची नाही." त्यानंतर मुलगा जेवला. अशा संस्थांतली मुलं माराइतकीच या शापाच्या भीतीनं गप्प बसतात, आणि ती भीती श्रद्धा असलेल्या माणसानंच काढावी लागते. आमच्या शब्दाला तिथं वजन नसतं.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचे, नियम वेगळे आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या पोलिसानं घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं. आईबाप किंवा मुलाचा विश्वासू माणूस सोबत असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची. रात्री मूल ठाण्यात ठेवता येत नाही. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचा फोटो किंवा नाव टाकणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कौतुकानं टाकला तरीही.

समितीनं मुलाला आजीकडं सोपवलं, देखरेखीच्या अटीवर. आईबापानं हमीपत्र दिलं. हे हमीपत्र आणि मूल कायमचं सोडून देण्याचं समर्पणपत्र यांत गल्लत करू नये, सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावं. समर्पण झालंच तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. आदेश विरुद्ध गेला असता तर 30 दिवसांत बालन्यायालयात अपील करता आलं असतं.

आईचा शेवटचा प्रश्न पुढच्या हंगामाचा होता. आजी थकली तर हंगामी वसतिगृह आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिची चौकशी जूनमध्येच करावी. मृदंग त्याला आवडतो. तो गावातल्या देवळात संध्याकाळी शिकता येईल. तरीही निवासी संस्थेतच घालायचं असेल तर न सांगता एकदा रात्री जाऊन बघा: मुलं कुठं झोपतात, मोठी मुलं आणि लहान मुलं एकत्र असतात का, रात्री जबाबदार कोण. मुलाला एकट्याला फोनवर बोलू देतात का ते विचारा. पहिले तीन महिने भेटायचं नाही, असं सांगणाऱ्या संस्थेत लेकरू ठेवू नका.