वेबसाइटवाल्याने डोमेन लॉक केलंय आणि सोडत नाही. लॉक नेमकं कोणाच्या हातात असावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मसाल्याच्या दुकानाचं डॉट कॉम नाव वेबसाइट बनवणाऱ्याने घेतलं. आता ते दुसरीकडे न्यायचं तर तो "लॉक आहे" म्हणतो आणि ऑथ कोडही, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा गुप्त कोड, देत नाही. मग लॉक तुमच्याकडे असावं, त्याच्याकडे की नाव विकणाऱ्या कंपनीकडे?

मी पुण्यात छोट्या धंद्यांची डोमेन-होस्टिंगची कामं करतो, त्यामुळे महिन्याला एक तरी असं प्रकरण समोर येतंच. माझं मत स्पष्ट आहे: लॉक कायम लागलेलं असावं, पण ते उघडायचा हक्क फक्त नावाच्या मालकाला. वेबसाइटवाल्याला फार तर डीएनएस, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे जायचं ती नोंद, बदलण्यापुरता शिरकाव द्यावा.

आयकॅन ही डोमेन नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था. तिच्या लुकअप पानावर तुमचं डोमेन नाव टाकून बघा. स्टेटसच्या जागी 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसेल. हे साधं लॉक, ते असेपर्यंत नाव दुसऱ्या कंपनीकडे जात नाही. ते रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारी कंपनी लावते, आणि बहुतेक ठिकाणी खात्यात शिरून एक बटण दाबलं की निघतं. म्हणजे ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी, त्याच्याकडे किल्ली. 'सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड' हे त्याच्या वरचं. ते रजिस्ट्रीचं, म्हणजे सगळ्या नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या कंपनीचं, डॉट कॉमसाठी व्हेरिसाइनचं. पैसे मोजून घेतलेल्या अशा लॉकला रजिस्ट्री लॉक म्हणतात, आणि ते काढताना माणसांकडून खातरजमा होते.

लॉक म्हणजे कटकट असं वाटत असेल तर पॅनिक्सचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कची ही जुनी इंटरनेट कंपनी. नोव्हेंबर 2004 मध्ये आयकॅनचा नियम बदलला: ट्रान्सफरची मागणी आल्यावर जुना रजिस्ट्रार पाच दिवस गप्प राहिला तर तो होकार धरायचा. जानेवारी 2005 मध्ये पॅनिक्स डॉट कॉम मालकाला न विचारता ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारकडे गेलं. मेलबर्न आयटीच्या एका रिसेलरने, म्हणजे तिच्या वतीने नावं विकणाऱ्या मधल्या विक्रेत्याने, मालकाची परवानगी तपासलीच नव्हती. त्यात शनिवार-रविवार, फोन उचलायला कोणी नाही, आणि ग्राहकांची मेल भलत्याच सर्व्हरवर. गंमत म्हणजे 2013 च्या ऑगस्टमध्ये त्याच मेलबर्न आयटीच्या एका रिसेलरचा पासवर्ड चोरीला गेला आणि न्यूयॉर्क टाइम्सची साइट पडली. त्याच खात्यातली रजिस्ट्री लॉक लावलेली नावं मात्र वाचली. दोन्ही वेळा भोक पडलं ते मधल्या माणसाकडे. तुमचा वेबसाइटवाला हा असाच मधला माणूस आहे.

तुमच्या दुकानाला पैसे मोजून रजिस्ट्री लॉक घ्यायची गरज नाही. ते बँकांना, वर्तमानपत्रांना ठीक. तुमच्यासाठी साधं लॉक आणि तुमच्याच मोबाइलवर येणारा ओटीपी पुरे.

खरी मेख वेगळीच आहे: रजिस्ट्रंट, म्हणजे नावाचा कागदोपत्री मालक, म्हणून नोंद कोणाची? लुकअपमध्ये हल्ली नाव झाकलेलं असतं, म्हणून रजिस्ट्रारच्या सपोर्टला लिहून विचारा. नोंद तुमची असेल तर काम सोपं. आयकॅनच्या नियमाप्रमाणे, खात्यातून स्वतः लॉक काढायची सोय नसेल तर मागणी केल्यापासून पाच दिवसांत ते काढून द्यावं लागतं, ऑथ कोडचंही तेच. निव्वळ पैशाच्या वादावरून रजिस्ट्रारला कोड अडवता येत नाही. रिसेलर ऐकत नसेल तर थेट वरच्या रजिस्ट्रारला लिहा, तरीही दाद लागली नाही तर आयकॅनकडे तक्रार करता येते.

नोंद त्याच्या नावावर असेल तर रजिस्ट्रार त्याचंच ऐकणार, तुम्ही कितीही ओरडलात तरी. मग डोमेनचे पैसे तुम्ही दिल्याचं बिल आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवा, आणि आधी गोडीगुलाबीने घ्या. त्याची थकबाकी असेल तर ती मिटवणं वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडतं. ट्रेडमार्क असेल तर यूडीआरपीचा, म्हणजे डोमेनच्या वादांसाठीच्या आयकॅनच्या प्रक्रियेचा, रस्ता आहे, पण तो खर्चिक.

तो तयार झालाच तर घाईघाईने रजिस्ट्रंटचं नाव किंवा ईमेल बदलून घेऊ नका. डिसेंबर 2016 पासून रजिस्ट्रंटचा तपशील बदलला की साधारणपणे 60 दिवस ट्रान्सफर अडतं. काही रजिस्ट्रार बदलाआधी ही अट नाकारायची मुभा देतात, ती विचारा. नाहीतर त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडून नाव तिथे सरकवून घ्या, रजिस्ट्रार नंतर बदलता येईल.

आणि डॉट कॉमसोबत डॉट इनही घेतलं असेल तर त्याला हे आयकॅनचे नियम लागू नाहीत. तिथे निक्सी या भारतातल्या संस्थेचा कारभार, आणि वादासाठी तिची आयएनडीआरपी ही प्रक्रिया.