‘पिशवी खाली सरकलीय’ : पण कोणती पिशवी?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘आईचं वय ६२. खोकताना लघवी सुटते, खाली जड-जड वाटतं, म्हणून तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी खाली सरकलीय. घरी आल्यावर मोठी मावशी म्हणाली गर्भाची पिशवी, काकू म्हणाली लघवीची. आईला विचारायचा संकोच वाटतो. मराठीत नुसतं पिशवी म्हटलं की कोणती समजायची? अंग बाहेर येणं म्हणतात ते हेच का? आणि लिहिताना कोणता शब्द वापरावा?’

बाईच्या दुखण्याबद्दल बोलताना नुसतं ‘पिशवी’ म्हटलं, तर बहुतेक वेळा गर्भाशय अभिप्रेत असतं. ‘पिशवी काढली’, ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी साफ केली’ ही सगळी वाक्यं गर्भाशयाबद्दलची. पण तुमच्या आईच्या बाबतीत काकूंचं म्हणणंही खरं असू शकतं, आणि दोघींचं एकदमही. ओटीपोटात सगळ्यांत पुढे मूत्राशय असतं, त्याच्या मागे आणि किंचित वर गर्भाशय, त्याच्याही मागे गुदाशय. या तिघांना खालून स्नायूंचा एकच पट्टा झोळीसारखा पेलून धरतो. बाळंतपणं, वाढतं वय, वर्षानुवर्षं उचललेली ओझी, जुना खोकला यांनी ती झोळी सैल पडली की कधी गर्भाशय खाली येतं, कधी मूत्राशय योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीवर रेलतं, तर कधी दोन्ही. म्हणून इथे शब्दकोश उघडून निकाल लागणार नाही. डॉक्टरांनाच विचारा, ‘गर्भाची की लघवीची?’ हा प्रश्न विचारण्यात अडाणीपणा काहीच नाही. मराठीत पिशव्या खरोखरच एकीहून जास्त आहेत.

तिसरीही आहे. ‘पिशवीत खडे झालेत’ असं कुणी म्हणालं, तर ती बहुधा पित्ताची. बोलण्यात तर ‘पित्ताशयाची पिशवी’ असाही प्रयोग सर्रास ऐकू येतो. तो पुनरुक्तीचा आहे, कारण ‘आशय’मध्येच पिशवी आली.

या ‘आशय’पाशी थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या चर्चेची किल्ली इथे आहे. संस्कृतात ‘शी’ म्हणजे निजणं, पडून राहणं. ‘आशय’ म्हणजे एखादी गोष्ट जिथे पडून राहते, विसावते ती जागा. पाणी विसावतं तो जलाशय. गोष्टीच्या पोटात जे असतं तो गोष्टीचा आशय. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातले आशय मोजले आहेत : वात, पित्त, कफ, रक्त, आम, पक्व आणि मूत्र असे सात, आणि पुढे म्हटलं आहे की स्त्रियांना गर्भाशय हा आठवा. म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय हे शब्द काल-परवा पाठ्यपुस्तकासाठी घडवलेले नाहीत. दोन्ही जुने आहेत आणि एकाच साच्यातले आहेत. बोलीने पुढे दोन्हींचं भाषांतर एकाच शब्दाने केलं, ‘पिशवी’. घोटाळ्याची सुरुवात तिथे आहे.

मूत्राशयाला आयुर्वेदात आणखी एक नाव आहे, बस्ती. चरकाने हृदय, डोकं आणि बस्ती ही तीन मुख्य मर्मं मानली. आज मराठी माणूस ‘बस्ती’ म्हणतो तेव्हा त्याला एनिमा म्हणायचं असतं. ही उडी कशी पडली? गुदमार्गाने औषधी तेल किंवा काढा चढवण्यासाठी पूर्वी जनावराच्या मूत्राशयाची पिशवी वापरत आणि तिला नळी जोडत. साधनाचं नाव उपचाराला चिकटलं, आणि मूळ अवयव मराठीत त्या नावाला मुकला. एरवी मूत्राशयाला ‘बस्ती’ आणि गर्भाशयाला ‘पिशवी’ अशी सरळ वाटणी झाली असती.

लघवी साठवणाऱ्या अवयवाला ‘पिशवी’ हा शब्द अगदी चपखल बसतो. मूत्राशय रिकामं असताना चेपतं, भरलं की फुगतं, मोठ्या माणसात सहज ४०० ते ५०० मिलिलिटर धरतं आणि पुन्हा रिकामं होतं. थैलीचं काम तेच. गर्भाशयाचं तसं नाही. ते सात-आठ सेंटिमीटर लांबीचं, जाड स्नायूचं, उलट्या ठेवलेल्या पेरूसारखं असतं. आतली पोकळी इतकी चपटी की पुढची आणि मागची भिंत जवळजवळ एकमेकींना टेकलेली. एरवी ५०-६० ग्रॅमचा हा स्नायू नऊ महिन्यांत किलोभराचा होतो, कळा देऊन मूल बाहेर ढकलतो आणि साधारण सहा आठवड्यांत पुन्हा मुठीएवढा होतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, त्याचा या सहा आठवड्यांशी जवळपास मेळ बसतो.

खऱ्या अर्थाने पिशवी म्हणावी अशी गोष्ट गर्भाशयाच्या आत असते, आणि तिला मराठीने फार सुरेख नाव दिलं आहे : पाणमोट. विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोट ज्यांनी रोज पाहिली, त्यांनी बाळाभोवतीच्या पाण्याच्या थैलीला दिलेलं हे नाव. ‘पाणमोट फुटली’ म्हटलं की सुईण काय ते समजायची. मागून पडते ती वार. गोठ्यात तिला जारही म्हणतात. जार हा संस्कृतातल्या ‘जरायु’चा घासून गुळगुळीत झालेला अवतार. आणि ‘गर्भ’ तर मराठीत किती ठिकाणी जाऊन बसला आहे! गाभा त्यातून आला, गाय गाभण राहते ते त्यातून, आणि देवळाचा गाभारा म्हणजे गर्भागार. ज्या भाषेने देवाच्या खोलीला हे नाव दिलं, तिच्या बोलणाऱ्यांनी गर्भाशय म्हणताना आवाज खाली आणावा, याचं मला फार वाईट वाटतं.

‘पिशवी’ या शब्दाला माझा खरा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. पिशवी ही वापरून झाली की टाकायची वस्तू. ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे वाक्य मी नात्यातल्या बायकांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. ‘गर्भाशयाचं काय काम?’ असं मात्र कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला की मजुरी बुडते, उचल फिटायची असते, त्यात उपचाराच्या दुसऱ्या वाटा कुणी सांगत नाही. त्या शस्त्रक्रियांची कारणं अशी पोटापाण्याची होती, शब्दाची नव्हती. तरी ‘पिशवी काढणे’ हा शब्दप्रयोग एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला किती हलकं करतो, ते तेव्हा प्रकर्षाने जाणवलं.

हा प्रयोग मोघमही आहे. ‘पिशवी काढली’ म्हटल्यावर अंडाशयं ठेवली की तीही काढली, हे कळत नाही. फरक मोठा आहे. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं काही काळ आपलं काम करत राहतात. दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याच्या वयाआधीच शरीरातली स्त्री-संप्रेरकं एकदम घटतात : अंगातून वाफा, झोपमोड, पुढे हाडं ठिसूळ होणं. ज्यांचं असं ऑपरेशन झालं आहे त्यांनी जुने कागद काढून हे एकदा पाहून घ्यावं. ‘पिशवी’ या शब्दात ती माहिती मावत नाही.

आता ‘अंग’. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय, आणि त्याच्याबरोबर योनिमार्गाची भिंत, खाली उतरून बाहेर जाणवणं. तुमच्या डॉक्टरांच्या ‘पिशवी सरकली’चीच ही पुढची पायरी. गाई-म्हशींच्या बाबतीत शेतकरी ‘मायांग’ म्हणतात, माय अधिक अंग, आणि हा शब्द मला ‘अंग’पेक्षा कितीतरी नेमका वाटतो. नुसतं ‘अंग’ मराठीत फार ठिकाणी राबतं. अंग दुखतं म्हणजे सगळं शरीर दुखतं. अंगावर पाजणं म्हणजे स्तनपान. अंगावरून जाणं म्हणजे योनिमार्गातून स्राव, आणि तो पांढरा की लाल हे वेगळं सांगावं लागतं. आणि दुखणं अंगावर काढणं म्हणजे उपचाराविना सोसणं.

माझ्या आत्याने हे सगळे अर्थ एकाच वेळी भोगले. तिचं अंग बाहेर येत होतं आणि तिने ते सात-आठ वर्षं अंगावर काढलं. एकदा नेली, तर तिने सांगितलं, ‘अंगाचा त्रास होतोय.’ समोरचा तरुण डॉक्टर बाहेरच्या प्रांतातून आलेला. त्याने अंगदुखीच्या गोळ्या दिल्या आणि आत्या त्या घेऊन गुपचूप घरी आली. दुसऱ्यांदा चुलत बहीण बरोबर गेली, तिने ‘गर्भाशय बाहेर येतंय’ असं स्पष्ट सांगितलं, आणि त्याच दिवशी तपासणी होऊन आधाराची रिंग बसवली गेली. आत्या नंतर म्हणाली, ‘मला तो शब्द येत होता गं, पण पुरुषमाणसासमोर कसा काढायचा?’

नेमका शब्द नसला की भीती कशी घर करते, याचं पुरुषांकडचं उदाहरण म्हणजे ‘नसबंदी’. हा शब्द आपण हिंदीकडून घेतला. मराठी माणसाला नस म्हटलं की रक्ताची शीर किंवा मज्जातंतू आठवतो. नस कापली की ताकद जाणार, ही भीती शब्दातच भरलेली आहे. प्रत्यक्षात नस कुठलीच कापली जात नाही. वृषणांतून शुक्राणू वर नेणारी बारीक नळी, म्हणजे शुक्रवाहिनी, बंद केली जाते. पुरुषी संप्रेरक त्या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. त्यामुळे जोम, इच्छा, दाढी-मिशा सगळं जागच्या जागी राहतं. वीर्यही येतं, कारण त्यातला शुक्राणूंचा वाटा फार थोडा असतो. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांच्याच जास्त होत्या, आणि कित्येक बळजबरीने. तेव्हापासून त्या शब्दावर बसलेला डाग गेलेला नाही. ‘शुक्रवाहिनी बंद करणे’ लांबलचक आहे, पण खरं आहे.

याउलट ‘तांबी’ पाहा. तांब्याची तार गुंडाळलेल्या कॉपर-टीला हे नाव बायकांच्या रोजच्या बोलण्यात रुळून गेलं. छोटं, मराठी, आणि वस्तू कशाची आहे हे सांगणारं.

लघवीकडे येतो. लघवी म्हणजे लघुशंकेतली ‘लघु’. धाकटी, हलकी शंका. मूत हा शब्द चारचौघांत असभ्य ठरला, पण मुतखडा मात्र प्रतिष्ठित राहिला, तो वर्तमानपत्राच्या मथळ्यातही चालतो. उन्हाच्या दिवसांत लघवीला आग होते त्याला ‘उन्हाळी लागणं’ म्हणतात. हा शब्द शहरात विरत चालला आहे आणि तो टिकावा असं मला मनापासून वाटतं. मूत्रपिंड, वृक्क आणि गुर्दा हे तिन्ही एकाच अवयवाचे. वृक्क संस्कृत, गुर्दा फारसी (मराठीत तो मटणाच्या दुकानापुरता उरला), आणि मूत्रपिंड सगळ्यांना समजणारा, म्हणून लिहिताना तोच घ्यावा.

दोन शब्दांची गल्लत मात्र टाळा. मूत्रपिंडांतून मूत्राशयापर्यंत येतात त्या मूत्रवाहिन्या, त्या दोन असतात. मूत्राशयातून बाहेर नेतो तो मूत्रमार्ग, तो एकच. बायकांत तो जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, म्हणून जंतू लवकर वर चढतात आणि उन्हाळीसारखी जळजळ त्यांना जास्त छळते. आणि हा मार्ग योनिमार्गापासून वेगळा असतो, त्याचं तोंडही वेगळं. हे कित्येक शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं, कारण दोन्हींना मिळून एकच ‘खालची जागा’ म्हणायची आपली सवय. पुरुषांत मात्र लघवी आणि वीर्य एकाच मार्गाने येतात, आणि तो मार्ग पुरःस्थ ग्रंथीच्या मधून जातो. म्हातारपणी ती ग्रंथी वाढली की धार बारीक होते ती त्यामुळे. पुरःस्थ म्हणजे पुढे उभी असलेली. प्रोस्टेट या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. बोलताना प्रोस्टेट म्हणा, सगळ्यांना कळतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : लिहिताना गर्भाशय आणि मूत्राशय, बोलताना गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी. आधीचा शब्द गाळून नुसतं पिशवी म्हणू नये. आईला विचारायचा संकोच वाटतो म्हणता, तर पुढच्या वेळी जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा : ‘गर्भाशय खाली आलं आहे, मूत्राशय, की दोन्ही? किती खाली? व्यायामाने किंवा रिंगेने भागेल का, की शस्त्रक्रियाच हवी?’ शस्त्रक्रिया ठरलीच, तर चौथी ओळ : ‘अंडाशयं ठेवणार का?’ कागद आईला आधी वाचून दाखवा. तिला हे शब्द येत असतीलच.