वाचकांचे प्रश्न : छोट्या संग्रहालयाचं अंदाजपत्रक

प्रश्न : आमच्या वाचनालयात ६०० चौरस फुटांची खोली रिकामी झाली आहे. तांब्या-पितळेची भांडी, नाणी, दोन तलवारी, मोडी कागद आणि जुनी वस्त्रं अशा साधारण ८० वस्तू जमल्या आहेत. देणगी १५ लाखांची आहे. सुताराने काचेच्या कपाटांचं ९ लाखांचं कोटेशन दिलं आहे. उरलेल्या पैशांत बाकीचं भागेल का?
– वाचनालयाचे कार्यवाह, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही भागणार. आधी कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का ते पाहा. नसेल तर १८ टक्क्यांनी ९ लाखांचे १०,६२,००० होतात. मग वस्तूंची निगा, दिवे आणि मजकूर यांच्या वाट्याला फारच थोडं उरतं.

सुरुवात खोलीच्या मापापासून नको, वस्तूंच्या यादीपासून करा. प्रत्येक वस्तूचं माप, वजन, ती कशाची आहे आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे वहीत उतरवा. ८० पैकी ३५-४० वस्तूच मांडा. बाकीच्यांसाठी पावडर कोटिंगची लोखंडी कपाटं घ्या. साठवणीचा खर्च बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच, आणि न मांडलेल्या वस्तू जिन्याखाली जाऊन पडतात. ते अजिबात होऊ देऊ नका.

आम्ही १५ लाख असे लावू, सगळे आकडे करासहित : अडीअडचणीसाठी दीड लाख आणि उद्घाटनानंतरच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी सव्वादोन लाख आधीच बाजूला. उरलेल्या सव्वाअकरा लाखांतून शोकेस ५ लाख, वस्तूंची निगा, त्या टेकवायचे आधार आणि साठवण सव्वादोन लाख, वीज आणि दिवे पावणेदोन लाख, मजकूर, भाषांतर आणि छपाई सव्वा लाख, वाहतूक, विमा आणि किरकोळ १ लाख. शोकेसचे ५ लाख करासहित, म्हणजे सुताराचा करापूर्वीचा आकडा ४,२३,००० च्या आत बसायला हवा. तो बसत नसेल तर शोकेसची संख्या कमी करा, देखभालीच्या पैशाला हात लावू नका.

शोकेस कशाची, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले तक्ते) यांतून आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत ती साचते आणि शिसं, शंख-शिंपले लवकर खराब होतात. पावडर कोटिंगचं लोखंड किंवा अॅल्युमिनियम बरं. आतून लोकरी कापड, रेक्झिन, रबर नको. रबर आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. धुऊन खळ काढलेला मांजरपाट चालतो. रंग दिलेली शोकेस तीन-चार आठवडे उघडी ठेवूनच वस्तू आत न्या, म्हणजे उद्घाटनाची तारीख त्यानुसार धरा.

कोकणात पावसाळा हाच मोठा खर्च. शोकेसच्या दर घनमीटरला २० किलो सिलिका जेल, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारे दाणे, हा जुना हिशोब आहे. १.२ × ०.६ × ०.५ मीटरच्या पेटीचं आकारमान ०.३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ७ किलो जेल लागेल. त्यासाठी तळाशी बाहेरून उघडणारा कप्पा आणि दाराला घट्ट गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) सुरुवातीलाच सांगा. कप्पा नंतर बसवायचा तर वस्तू काढून पेटी कापावी लागते. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. ओलं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंश सेल्सिअसला वाळवून पुन्हा वापरता येतं. धातूला कोरडी हवा चालते, पण कागद, कापड, लाकूड यांना ५०-५५ टक्के आर्द्रता हवी. तिथे कडक वाळवलेलं जेल तसंच घातलं तर वस्तू आकसते. म्हणून धातू आणि कागद एका पेटीत मांडू नका. प्रत्येक पेटीत एक साधा आर्द्रतामापक हवाच.

पैसे कामाच्या टप्प्यांनी द्या आणि शेवटचे १० टक्के एक पावसाळा उलटल्यावर.

प्रश्न : हळदी आणि कुसुंबी रंगाची चार जुनी वस्त्रं आहेत. त्यांच्यासाठी वेगळे दिवे घ्यावे लागतील का?
– शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : दिव्यांपेक्षा मांडणीची पाळी महत्त्वाची. हे रंग उजेडाने फार लवकर उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. अशा वस्तूंसाठी ५० लक्स (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि वर्षाला १५,००० लक्स-तास ही मर्यादा मानली जाते. रोज ८ तास ५० लक्स म्हणजे ४०० लक्स-तास, त्यामुळे एक वस्त्र वर्षात ३७ दिवसच दाखवता येतं. चारही पाळीपाळीने मांडलीत तरी साधारण पाच महिनेच भरतात. उरलेल्या काळासाठी त्यांची उत्तम छायाचित्रं लावा. अंदाजपत्रकात चारही वस्त्रांचे आधार, साठवणीच्या चार सपाट पेट्या आणि लक्समीटर धरा. एलईडी मंद करता येणारे घ्या, खिडकीला जाड पडदा लावा. वस्त्र टाचण्यांनी कधीच अडकवू नका. वजन पेलणाऱ्या तिरक्या फळीवर पसरा.

प्रश्न : टचस्क्रीन घ्यावा का? मुलांना आवडेल.
– विश्वस्त, एक शालेय संग्रहालय

उत्तर : पहिल्या वर्षी नको. त्याचा खर्च खरेदीवर थांबत नाही; सॉफ्टवेअर, दुरुस्ती आणि वीज गेल्यावरची सोय दरवर्षी लागते. त्याच पैशांत हाताळता येतील अशा प्रतिकृती करा, दृष्टिहीन मुलांनाही त्या उपयोगी पडतात. आणि मजकुरावर खर्च करा : एका वस्तूला ४०-५० शब्द, देवनागरी अक्षर २० ते २४ पॉइंटचं, मात्रा-वेलांट्या एकमेकींत अडकणार नाहीत इतकं ओळींत अंतर. छपाईला देण्याआधी साध्या कागदावर काढून प्रत्यक्ष जागी चिकटवा आणि चौथीतल्या मुलाकडून वाचून घ्या. छापून आलेल्या पाटीतली चूक दुरुस्त करायची तर अख्खी पाटीच पुन्हा करावी लागते.