तिने केलं काय?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी हॉकीचा सामना संपल्यावर गेटपाशी तू मला विचारलंस, "काका, ती तासभर नुसती पळत होती. बॉल तिच्याकडे फारसा आलाच नाही. मग तिने केलं काय?" तुझी रूम पार्टनर आपल्याकडून राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजव्या बाजूला, खेळत होती, आपण सांगलीच्या मुलींकडून 1-2 हरलो होतो आणि तुझे डोळे भरून आले होते. माझाही घसा ओरडून बसला होता, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. पण प्रश्न इतका चांगला होता की दोन दिवस डोक्यातून जाईना. आज निवांत लिहायला बसलोय.

चाळीस वर्षं मी साताऱ्यात कॉलेजच्या हॉकीचे सामने बघतोय. सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही फक्त बॉलच बघायचो. बॉलच्या मागे नजर पळवली की गोल दिसतात, पण तो गोल कुठून आला किंवा का झाला नाही, ते दिसत नाही. तुझ्या मैत्रिणीचं काम नेमकं त्या न दिसणाऱ्या भागात होतं.

सांगलीची ती उंच, वेणी घट्ट बांधलेली लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारी, आठवते? पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं की त्यांचा सगळा भरवसा तिच्या पायांवर आहे. आता एक गोष्ट नीट समजून घे. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते आणि बॉल त्या सपाट बाजूनेच खेळावा लागतो. त्यामुळे कुठल्याही बचावपटूची उजवी बाजू भक्कम आणि डावी कच्ची. डावीकडून जाणारा बॉल अडवायचा तर स्टिक उलटी फिरवावी लागते, आणि तेवढ्यात समोरची निसटते. लेफ्ट विंगरला म्हणूनच राइट हाफच्या डाव्या अंगाने आत, डीकडे, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाकडे, घुसायचं असतं. तुझी मैत्रीण पूर्ण वेळ त्याच वाटेवर उभी होती. बाहेरची, साइडलाइनकडची वाट तिने मोकळी सोडली आणि आतली बंद केली. सांगलीच्या सेंटर हाफने, म्हणजे मधल्या फळीत मध्यभागी खेळणारीने, दुसऱ्या क्वार्टरमध्ये निदान चार वेळा मान वर करून डावीकडे पाहिलं आणि बॉल दुसरीकडेच दिला. बॉल तुझ्या मैत्रिणीकडे आला नाही, कारण तिने तो तिकडे येऊच दिला नाही.

हे बघायला शिकायचं असेल तर पुढच्या वेळी एक क्वार्टर, म्हणजे पंधरा मिनिटं, बॉल सोडून फक्त तिच्याकडे बघ. जड जाईल. सगळं मैदान एकीकडे ओरडत असतं आणि आपण दुसरीकडे बघतोय असं वाटतं. तरी बघ.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या सेंटर हाफला ग्रीन कार्ड मिळालं. ग्रीन कार्ड म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर, आणि तेवढा वेळ संघ दहाच जणींचा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, तेव्हा आपले पुरुष चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांनिशी खेळले आणि शूटआउटवर जिंकले. टीव्हीवर ते बघताना सगळे गोलकीपर श्रीजेशचं नाव घेत होते. तो मान त्याचाच. पण एक माणूस कमी झाल्यावर त्याच्या वाटचं पळणं उरलेल्यांना वाटून घ्यावं लागतं, आणि ते धावफलकावर कुठेच लिहिलं जात नाही. आपल्या त्या दोन मिनिटांत तुझी मैत्रीण आपली बाजू सांभाळून दोनदा मध्यभागी धावून आली, दोन्ही वेळा बॉल बाहेर घालवला आणि परत जागेवर गेली. त्या दोन मिनिटांत आपल्यावर गोल झाला नाही.

आता शेवटच्या तीन मिनिटांबद्दल, कारण तिथे तुझा गैरसमज झालाय असं मला वाटतं. तुझ्या मागची मुलं ओरडत होती की अंपायरने हरवलं, आणि तूही तेच म्हणालीस. मी गोललाइनच्या रेषेत उभा होतो. डीमध्ये बॉल आपल्या फुलबॅकच्या, म्हणजे शेवटच्या फळीतल्या बचावपटूच्या, बुटाला लागला, धूळ उडाली, मी डोळ्यांनी पाहिलं. बॉल पायाला लागणं ही चूक, म्हणून सांगलीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोललाइनवरून बॉल बाहेर काढून गोलवर मारायची संधी, बरोबर होता. तुम्ही बसला होता त्या पायऱ्यांवरून ते दिसणं शक्यच नव्हतं. आपल्याला जिथून दिसत नाही तिथल्या निर्णयावर शिव्या देऊ नयेत. आपल्या मुलींनाही ते आवडत नाही.

कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जणी गोललाइनच्या मागे थांबतात, बाकीच्यांना मधल्या रेषेपलीकडे जावं लागतं. त्या पाचांतली एक बॉल निघाल्याबरोबर थेट मारणारीच्या अंगावर धावत सुटते. तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड, आणि समोरून दीडशे ग्रॅमहून जड, दगडासारखा टणक बॉल. ते काम तुझ्या मैत्रिणीचं होतं. कॉर्नरचा पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारलेला, असेल तर तो गोलमागच्या फळीच्या उंचीच्या, म्हणजे 460 मिलिमीटरच्या आत राहावा लागतो, तरच गोल धरतात. त्यामुळे हिट खालून येते, आणि धावणारीच्या नडगीवर येते. आपल्या मुरमाच्या मैदानावर तर बॉल कधी उसळेल याचा नेम नाही.

ती सुटली, पाच-सहा पावलांत मारणारीच्या समोर पोचली आणि बॉल तिच्या पायावर आदळला. आवाज तू ऐकलाच असशील. आता नियम असा आहे की मारणारीपासून पाच मीटरच्या आत असलेल्या बचावपटूला तो बॉल गुडघ्याच्या खाली लागला तर मारणाऱ्यांना पुन्हा कॉर्नर मिळतो. गुडघ्याला किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक धरून आपल्याला फ्री हिट. तिला लागला तो नडगीच्या गार्डची वरची कड संपते तिथे, गुडघ्याच्या खाली चार बोटं. मी नंतर तो वळ पाहिलाय. चार बोटं वर लागला असता तर बॉल आपला होता आणि सामना बहुतेक 1-1 राहिला असता.

दुसऱ्या कॉर्नरला ती पुन्हा धावली. त्याच पायाने. या वेळी त्यांनी थेट न मारता बॉल बाजूला सरकवला आणि दुसरीने फळीवर खाडकन वाजवला. तिथे ती काहीच करू शकत नव्हती. पण पहिला फटका अंगावर घेतल्यानंतर दुसऱ्यांदा तेवढ्याच वेगाने सुटणारी पोरगी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या मुली या खेळात कुठवर गेल्यात ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो. वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसूची, अक्षता ढेकळे त्याच तालुक्यातली. दोघी भारताकडून खेळल्या. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये 6 ऑगस्ट 2021 ला भारताच्या मुली ब्रिटनकडून 3-4 हरल्या, ब्राँझ हुकलं, तेव्हा मी सकाळी लवकर उठून टीव्हीसमोर बसलो होतो. 0-2 वरून 3-2 अशी आघाडी घेऊन हरल्या होत्या. त्या दिवशी मला जे वाटलं तेच शनिवारी वाटलं, यात मला काही वावगं दिसत नाही.

तू आता तिच्याशी काय बोलायचं? "छान खेळलीस" म्हणू नकोस. हरलेल्या खेळाडूला ते पोकळ लागतं, कारण बघणाऱ्याने काय पाहिलं ते त्यात येत नाही. तिला सांग की विंगरला तिने आत येऊ दिलं नाही हे तुला आता कळलंय. पायाला दोन-तीन दिवस बर्फ लावायला लाव, ती स्वतःहून लावणार नाही.

आणखी एक. तू रिक्षा बघायला पोवई नाक्याकडे गेलीस तेव्हा मैदान रिकामं झालं होतं, अजिंक्यताऱ्याच्या मागे ऊन गेलं होतं. ती पिशवी खाली ठेवून परत गोललाइनवर गेली. स्टिक नाही, मास्क नाही. लंगडत लंगडत ती धाव तिने तीनदा करून पाहिली आणि प्रत्येक वेळी पाचव्या पावलाला थांबून खाली बघितलं. ते पाऊल कुठे पडायला हवं होतं, ते तिला विचार. मग ती रात्रभर बोलेल, तू ऐक.

तुझे,
गोललाइनवाले काका